लाईट बिलावर नाव कुणाचं?

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

स्वयंपाकघरातून ऐकत असाल तर गॅस बारीक करा, शिवणाच्या मशीनवर असाल तर पाय थांबवू नका. पंधरा-वीस मिनिटांचंच बोलणं आहे.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गटानं जरा वेगळं आमंत्रण दिलं. आम्ही सांगितलं, येताना लाईट बिल घेऊन या. काहीजणी हसल्या. एका काकूंनी विचारलं, "का गं, तुम्ही भरणार हाय काय?" पण बहुतेकजणींनी आणलं. कुणी पदरात घडी करून, कुणी मोबाईलवर फोटो काढून. आणि वाण म्हणून आम्ही प्रत्येकीला दिली ती बटणाची प्लास्टिकची फाईल. डबे झाले, चाळणी झाली, गेल्या वर्षी सुपल्या झाल्या. म्हटलं यावर्षी कागद ठेवायला काहीतरी देऊ.

कारण असं होतं की गेल्या सहा-आठ महिन्यांत गल्लीतल्या दोन-तीन घरांवर सोलर बसलं होतं, आणि मग सगळ्यांची एकच विचारणा सुरू झाली होती. सबसिडी किती मिळते? खरंच मिळते का? आपल्याला बसवता येईल का? आम्हालाही नीट माहीत नव्हतं. मग आमच्यातल्या चौघीजणी महावितरणच्या कार्यालयात गेलो, दोन बँकांत गेलो, ज्यांनी बसवलंय त्यांच्या गच्चीवर चढून बघितलं. जे कळलं ते त्या दिवशी सांगितलं आणि तेच आज तुमच्यापुढे ठेवतोय.

आधी पैशाचं सांगतो, म्हणजे लक्ष लागेल.

केंद्र सरकारची जी योजना आहे तिचं पूर्ण नाव 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना'. ती 13 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाली. त्याच महिन्याच्या 29 तारखेला मंत्रिमंडळानं तिच्यासाठी 75,021 कोटी रुपये मंजूर केले. देशातल्या एक कोटी घरांवर सोलर बसवायचं आहे आणि मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे. तुमच्या-आमच्या कामाचा आकडा असा, की 1 किलोवॅटचं बसवलं तर 30 हजार रुपये, 2 किलोवॅटचं बसवलं तर 60 हजार आणि 3 किलोवॅटचं बसवलं तर 78 हजार अनुदान मिळतं. तिसऱ्या किलोवॅटला 18 हजारच मिळतात, म्हणून 90 न होता 78 होतात. आणि त्याच्या वर तुम्ही पाच बसवा नाहीतर आठ बसवा, 78 च्या पुढं एक रुपया नाही.

एक किलोवॅट म्हणजे किती, हे आम्हालाही आधी कळत नव्हतं. सोपं करून सांगायचं तर साधारण शंभर चौरस फूट जागा, म्हणजे दहा बाय दहाची खोली होईल एवढी. तिच्यातून दिवसाला सरासरी चार युनिट आणि महिन्याला शंभर ते एकशेवीस युनिट वीज तयार होते. मग आपल्या बिलावर बारा महिन्यांच्या वापराचे जे आकडे छापलेले असतात ते काढून बघायचं. महिन्याला दीडशे युनिटांच्या आत जात असतील तर एक-दोन किलोवॅट पुरे. दीडशे ते तीनशेला दोन-तीन किलोवॅट. विकणारा माणूस तीनचं घ्या, पाचचं घ्या म्हणेल. त्याचा धंदाच आहे तो. आपण बिल बघून बोलायचं.

आता यात एक मेख आहे. आपल्याकडं विजेचा दर टप्प्याटप्प्यानं चढतो. पहिल्या 100 युनिटांचा दर आणि 100 च्या पुढच्या युनिटांचा दर यात जवळजवळ दुपटीचा फरक आहे. म्हणजे ज्या घरात फ्रीज, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, उन्हाळ्यात कूलर असं सगळं आहे आणि महिन्याला सव्वादोनशे युनिट जळतात, त्या घराची महाग वीज वाचते. आमच्या ओळखीतल्या लोकांना किलोवॅटमागं साठ ते सत्तर हजारांच्या आसपास खर्च आला. दोन किलोवॅटला एक लाख तीस हजार धरा, त्यातून 60 हजार अनुदान वजा करा, राहिले सत्तर. ते तीन-चार वर्षांत बिलातून फिटतात. पण जिच्या घरात दोन बल्ब, एक पंखा, टीव्ही आणि मिक्सर एवढंच आहे आणि महिन्याला सत्तर-ऐंशी युनिट जातात, तिची वाचते ती स्वस्तातली वीज. तिला एक किलोवॅटचे पैसे फिटायला सहा-सात वर्षं लागणार. म्हणजे ज्या बाईला बिल जड जातं तिलाच या योजनेचा फायदा सावकाश मिळतो, आणि जिला जड जात नाही तिला भरभर. हे आम्हाला पटलं नाही, आणि आम्ही तसं त्या कार्यालयात बोलूनही दाखवलं.

तिथंच कळलं की राज्य सरकारनं यावर 2025 मध्ये एक जोड दिलीय. तिला 'स्मार्ट' योजना म्हणतात. स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप या नावाची आद्याक्षरं. महिन्याला 100 युनिटांच्या आत वापर असणाऱ्या पाच लाख घरांसाठी ही आहे. एक किलोवॅटची किंमत 50 हजार धरलीय. केंद्राचे 30 हजार येतात, त्यावर राज्य सरकार दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला साडेसतरा हजार देतं. म्हणजे घरच्या बाईनं काढायचे फक्त अडीच हजार. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नाही पण वापर 100 च्या आत आहे, अशांपैकी अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला राज्याकडून 15 हजार, म्हणजे स्वतःचे पाच हजार. बाकीच्यांना राज्याचे 10 हजार, म्हणजे स्वतःचे दहा हजार. आता हिशेब बदलला की नाही? दहा हजार तर दोन वर्षांत बिलातूनच वसूल. पण एखाद्या महिन्याचं नव्हे तर वर्षभराचं बिल बघतात, आणि जो आधी येईल त्याला आधी मिळतं. तेव्हा ज्यांचं बिल शंभराच्या आत आहे त्यांनी आठवडा-पंधरा दिवस सुद्धा घालवू नका.

शेतातल्या सोलर पंपाची योजना वेगळी. 'मागेल त्याला सौर कृषी पंप', त्यात शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे असतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के. हळदीकुंकवात दोघीजणी दोन्हींची गल्लत करत होत्या म्हणून सांगितलं. त्या योजनेबद्दल पुन्हा कधीतरी.

तर हे सगळं सांगून झालं आणि आम्ही म्हटलं, चला, आपापलं बिल उघडा आणि वर नाव काय आहे ते वाचा.

आणि मग जे वाचायला लागल्या मैत्रिणी, तशी खोली गप्प होत गेली. बाईचं नाव असलेली बिलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नवऱ्याच्या नावाची काही. पण सगळ्यांत जास्त सासऱ्यांच्या नावाची, आणि त्यातले निम्मे सासरे हयात नाहीत. एकीच्या बिलावर तर आजेसासऱ्यांचं नाव. त्यांना तिनं फोटोतच बघितलंय. ती म्हणाली, "दर महिन्याला मी त्यांच्या नावानं पैसे भरते, श्राद्ध घातल्यावानी." सगळ्या हसल्या, आणि हसता हसता थांबल्या.

कारण अडचण इथंच आहे. सूर्यघरचा अर्ज वीजबिलावरच्या ग्राहकाच्या नावानं होतो. ग्राहक क्रमांक घातला की बिलावरचं नाव समोर येतं. अनुदान जमा होतं ते अर्जदाराच्या बँक खात्यात. बिलावर वारलेल्या माणसाचं नाव असेल तर अर्ज कुणाच्या नावानं करणार आणि पैसे कुणाच्या खात्यात येणार? कर्ज काढायचं तरी बँक हेच विचारते. आम्ही ज्या गच्च्यांवर चढून बघितलं, त्यातल्या एका घरी सोलर बसून चार महिने झाले होते आणि अनुदान अडकलं होतं ते केवळ बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नाही म्हणून. बिलावर वडिलांचं नाव मधे नाही, आडनावाचं स्पेलिंग वेगळं. एवढ्यावरून.

इथं आम्हाला हेरवाडची आठवण झाली. आपल्याच जिल्ह्यातलं, शिरोळ तालुक्यातलं गाव. 2022 च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. साऱ्या महाराष्ट्रात त्याची चर्चा झाली आणि सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आमच्या हळदीकुंकवाला म्हणूनच आता सगळ्याजणींना बोलावणं असतं. तर त्या दिवशी अशाच एक वहिनी, नवरा जाऊन नऊ वर्षं झालीत, कपाळाला कुंकू आहे, हातात बांगड्या आहेत, दोन पोरांना शिकवलंय. बिल महिन्याच्या महिन्याला त्याच भरतात. पण मीटर अजून नवऱ्याच्या नावावर. म्हणाल्या, "कुठं त्या ऑफिसात जायचं, म्हणून ऱ्हायलं." वापर ऐंशी-नव्वद युनिट. त्यांना स्मार्ट योजना बसते. पण अर्ज करणार कुणाच्या नावानं?

त्यांच्याबरोबर आम्ही नाव बदलायच्या मागं लागलो. नाव बदलायचा अर्ज महावितरणच्या उपविभागाच्या कार्यालयात करता येतो, त्यांच्या वेबसाईटवर आणि मोबाईल ॲपवरही करता येतो. कागद लागतात ते असे. मृत्यूचा दाखला. घराचा कागद, म्हणजे घरफाळ्याची पावती किंवा मिळकत पत्रिका, खेड्यात असाल तर ग्रामपंचायतीचा घराचा उतारा. तुमचं आधार कार्ड. आणि बाकी वारसांचं संमतिपत्र. आधीची थकबाकी असेल तर ती भरलेली हवी. पहिले तीन कागद वहिनींकडं चार दिवसांत जमले. फाईल तर आम्ही वाणात दिलेलीच होती.

अडलं ते चौथ्यावर. घर सासऱ्यांनी बांधलेलं, त्यात दिरांचाही हिस्सा. दीर शेजारच्याच खोल्यांत राहतात, त्यांचं मीटर वेगळं. ते म्हणाले, "आज मीटर नावावर करून घ्याल, उद्या घर करून घ्याल." आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आक्का दोनदा जाऊन आल्या. त्यांनी समजावून सांगितलं की दादा, लाईट बिल म्हणजे मालकीहक्काचा कागद नव्हे. मीटर नावावर झालं म्हणून घर नावावर होत नाही, आणि मीटर नावावर नाही म्हणून कुणाचा घरातला वाटाही जात नाही. नवऱ्याच्या वाट्यावर बायकोचा मुलांच्या बरोबरीनं हक्क असतो, तो कायद्यानंच दिलेला आहे, त्यासाठी मीटर लागत नाही. ते ऐकून घेतात, चहा पाजतात, बघू म्हणतात. अजून सही झालेली नाही.

आम्हाला त्या दिरांचा रागही करता येत नाही. त्यांचीही भीती खरीच आहे, कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं. पण तोवर पाच लाख घरांचा आकडा भरत चाललाय, आणि त्यात वहिनींचं घर नाही. तेव्हा ऐकणाऱ्यांत कुणी असे दीर, भाऊजी, सासूबाई असतील तर त्यांना हे मुद्दाम सांगतोय. सही केल्यानं तुमचं काही जात नाही.

आणि ज्यांचे नवरे धडधाकट आहेत त्या म्हणतील, आम्हाला काय करायचंय? तर तसं नव्हे. खेड्यात घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावानं करावी असं शासनानं 2003 सालीच सांगितलेलं आहे. शहरात बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, 2021 पासून. म्हणजे दार उघडं आहे, आपणच आत जात नाही. नाव बदलायचं काम माणूस जिवंत असताना एका सहीचं आहे. नंतर ते चार जणांच्या सह्यांचं होतं.

बरं, नावाचं झालं. आता गच्ची.

सोलरवाल्याचा माणूस येतो, घरातल्या पुरुषाला घेऊन वर जातो, टेप धरतो, दक्षिणेकडं तोंड करतो, "इथं बसतंय" म्हणतो आणि खाली उतरतो. पण गच्ची वापरतं कोण? कपडे वाळत कोण घालतं? मार्च-एप्रिलमध्ये कुरडया, सांडगे, पापड, वर्षाच्या चटणीची मिरची, धणे, हळकुंडं, सगळं कुठं पसरायचं? कोल्हापूरच्या बाईला चटणीची मिरची कडक वाळल्याशिवाय डंकावर नेता येत नाही, हे त्या टेपवाल्याला कुणी सांगायचं? आमच्या एका मैत्रिणीच्या घरी ती माहेरी गेली असताना पॅनेल बसले. ती आली तर निम्मी गच्ची गेलेली, पॅनेल गुडघ्याएवढ्या उंचीवर. खाली ना वाकता येतं ना झाडता येतं. बिल कमी झालं, हे ती नाकारत नाही. पण गेल्या वर्षीचं वाळवण तिनं शेजारच्यांच्या गच्चीवर केलं, आणि दुसऱ्याच्या गच्चीवर वाळवण म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. कावळे राखायला सुद्धा दुसऱ्याच्या परवानगीनं जायचं.

यावर उपाय आहे. लोखंडी सांगाडा सात-आठ फूट उंच करून घ्यायचा. मग खाली माणूस उभा राहतो, दोऱ्या बांधता येतात, आणि पॅनेलच्या सावलीबाहेरच्या पट्टीत वाळवण होतं. त्याला पैसे जास्त लागतात आणि त्या जादा पैशाला अनुदान नाही. उंच सांगाडा वाऱ्याला पक्का हवा, वळवाच्या पावसात आपल्याकडं काय वारं सुटतं ते ठाऊक आहेच. म्हणून दर विचारतानाच दोन्ही उंचींचे वेगवेगळे दर लिहून मागा. आणि दर विचारायला टेपवाल्याबरोबर वर जायचं ते आपण. पाण्याची टाकी, शेजारचा नारळ, समोरच्यांचा वाढणारा तिसरा मजला, यांची सावली दुपारी चार वाजता कुठं पडते हे पुरुषांपेक्षा आपल्याला जास्त माहीत असतं. पॅनेलवर एका कोपऱ्यात सावली पडली तरी वीज कमी होते.

कौलारू घर असेल तर मात्र काम अवघड. पत्र्यावर बसतात, पण पत्रा आणि खालचे अँगल सोसणारे हवेत. भाड्यानं राहणाऱ्यांना तर यात जागाच नाही. गच्ची मालकाची, मीटर मालकाचं. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीच्या बैठकीत विषय काढावा. जिन्यातले दिवे, लिफ्ट, पाण्याची मोटर अशा सामाईक वापरासाठी सोसायटीला किलोवॅटमागं 18 हजार अनुदान आहे. बैठकीला बहुधा पुरुषच जातात, तेव्हा हा विषय तुम्ही गेलात तर निघेल.

आता पैसे देताना काय बघायचं. अनुदान आधी मिळत नाही. सगळं बसून, महावितरणनं तपासून, नेट मीटर लागून झालं की मग ते खात्यात येतं. तोवर सगळी रक्कम आपणच उभी करायची. त्यासाठी सरकारी बँका तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांचं कर्ज जामिनाशिवाय देतात, व्याज रेपो दराला बांधलेलं, साधारण सहा टक्क्यांच्या आसपास. आपल्या पतसंस्थेचा दर शेजारी मांडून बघा, फरक दिसेल. फक्त बँकेतला माणूस पहिल्या फेरीला 'अशी योजना आमच्याकडं नाही' म्हणाला तर निराश होऊ नका. आम्हालाही एकीकडं तसंच सांगितलं, दुसरीकडं अर्ज दिला.

आमच्या गटातल्या एकीची फसगत सांगतो. त्या बसवणाऱ्याचं नाव घेत नाही. त्यानं इतरांपेक्षा वीस हजार कमी सांगितले आणि ऐंशी टक्के आगाऊ घेतले. पॅनेल आले, बसले, दिवे लागले. अनुदानाच्या वेळी कळलं की हे पॅनेल चालत नाहीत. सूर्यघरला पॅनेल भारतात बनलेलं हवंच, शिवाय त्याच्या आतले जे काळे-निळे चौकोन असतात, ते सेल, तेही भारतात बनलेले हवेत. बाहेरच्या सेलचे पॅनेल स्वस्त पडतात. वीस हजार वाचवायच्या नादात साठ हजार गेले. तेव्हा पक्क्या बिलावर पॅनेल देशी सेलचे आहेत असं लिहून घ्या, पॅनेलच्या मागं चिकटवलेल्या पट्टीवरचे नंबर फोटो काढून ठेवा, योजनेच्या वेबसाईटवर नोंद असलेलाच बसवणारा निवडा, आणि पैसे टप्प्याटप्प्यानं द्या, चेकनं किंवा ऑनलाईन, पावतीवर. पहिली पाच वर्षं देखभाल त्यानंच करायची असते, तेही करारात वाचून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय. जुन्याच दरानं कुणी लावत असेल तर विचारा.

फोनवर 'तुमची सबसिडी मंजूर झाली, ओटीपी सांगा' म्हणणारा कुणीही आपला नव्हे. शंका आली तर योजनेचा मदत क्रमांक 15555 आहे, महावितरणचा 1912.

थोडं नेट मीटरबद्दल. हे मीटर दोन्हीकडं मोजतं. दिवसा आपली जादा वीज बाहेर जाते ती मोजतं, रात्री आपण घेतो ती मोजतं, आणि फरकाचंच बिल येतं. उन्हाळ्यातली शिल्लक पुढच्या महिन्यांत वापरता येते. आपल्याकडं जुलै-ऑगस्टात सूर्य दिसायची मारामार, तेव्हा ही शिल्लक कामाला येते. पण हिशेबाचं वर्ष 31 मार्चला संपतं, उरलेली युनिटं तेव्हा कमी दरानं जमा धरतात. म्हणून गरजेपेक्षा मोठं बसवून वीज विकून पैसे कमवू, या भ्रमात राहू नका. आणि 'शून्य बिल' असं फलकावर कितीही लिहिलं असलं तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

दुसरी एक गोष्ट ऐकून बऱ्याचजणी हिरमुसल्या. बॅटरी नसलेलं हे साधं सोलर लाईट गेली की बंद पडतं. भर दुपारी ऊन असताना सुद्धा. आम्ही विचारलं, असं का? तर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातून तारेत गेलेली वीज लागू नये म्हणून ते आपोआप तुटतं. कारण ऐकल्यावर आम्ही गप्प बसलो. कुणाच्या तरी घरचा माणूस असतो तो.

आणि आपल्या कोल्हापूरची म्हणून एक गोष्ट, जी कुठल्या माहितीपत्रकात नाही. 2019 च्या ऑगस्टमधला महापूर आणि 2021 च्या जुलैमधला महापूर आठवा. राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांवर गेली की आपण सामान माळ्यावर टाकायला लागतो, 43 ला तर घर सोडतो. पॅनेल गच्चीवर सुखरूप राहतील हो, पण त्यांचा इन्व्हर्टर, ती भिंतीवरची पेटी, बरेचदा खाली जिन्याजवळ मीटरशेजारी लावतात, वायर कमी लागते म्हणून. नदीकाठच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांनी ती वरच्या मजल्यावरच लावून घ्या, दोनशे-पाचशेची वायर जास्त गेली तर जाऊ दे. तुमच्या भिंतीवर 2019 च्या पाण्याची रेघ असेलच, तिच्याहून वर.

धुण्याचं काम आपल्याच वाट्याला येणार, ते गृहीत धरा. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी ऊन चढायच्या आत, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. ऊसतोडीच्या हंगामात शिवारातल्या पाचटाची काजळी उडून येते, तेव्हा जरा जास्त वेळा.

आपल्या करवीर तालुक्यातल्या शेळकेवाडीनं तर सगळ्या गावाच्या घरांवर सोलर घेतलंय, पलीकडं साताऱ्यातल्या पाटण तालुक्यात मान्याच्या वाडीनं 2024 सालीच घेतलं. आमचं तिथं बघायला जायचं ठरलंय. तिथल्या बायकांना आम्हाला पहिला प्रश्न हाच विचारायचाय, की बिलं कुणाच्या नावावर आहेत, आणि वाळवण कुठं करता?

तोवर, येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता आमच्या गटाच्या खोलीत आम्ही बसणार आहोत. नाव बदलायचे अर्ज भरायला आणि ज्यांचं नाव जुळतंय त्यांचे सूर्यघरचे अर्ज मोबाईलवरून भरायला. येताना शेवटचं लाईट बिल, आधार कार्ड, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स आणि घरफाळ्याची पावती आणा. वाणातली फाईल असेल तर तीच आणा. आणि घरातलं कुणी वारलेलं असेल तर दाखल्यावरचं नाव आणि बिलावरचं नाव एकसारखं आहे का, तेवढं आजच ताडून बघा. नसेल तर गुरुवारची वाट बघू नका, उद्याच सांगा. त्याला एक प्रतिज्ञापत्र लागतं आणि ते करायला दोन दिवस जातात.